पुढच्या दाराला पायऱ्या

वडील गेले ते मंगळवारी सकाळी, चहा निवायच्या आत. जाण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडे एकच मागणी केली होती आणि ती अजिबात मोठी नव्हती.

"मला पुढच्या दारानं ने," ते म्हणाले होते. "आडवा."

आमच्या घराला पुढचं दार आहे. लाल रंगाचं, चांगलं रुंद. फक्त ते जमिनीपासून तीन-साडेतीन फूट वर आहे आणि त्याला पायऱ्या नाहीत.

यात काही विचित्र आहे असं आमच्या बेटावरच्या स्किफ कोव्ह गावात कोणाला वाटत नाही. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर अशी घरं पुष्कळ. घर बांधताना पुढचं दार ठेवायचं, कारण त्याच्याशिवाय घर म्हणजे कोठार दिसतं. पायऱ्या मग सवडीने. ती सवड कधी येत नाही, कारण सगळं गाव मागच्या दारानेच ये-जा करतं, तेही न ठोठावता. दार ठोठावणारा माणूस परका, हे आम्हाला चालता येण्याआधी कळतं. घर उभं राहिलं तेव्हा वडिलांनी आईला सांगितलं होतं, पायऱ्या येत्या उन्हाळ्यात. त्या उन्हाळ्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली. आमच्याकडे घर कधी पूर्ण होत नाही. माणसं मात्र होतात.

'आडवा' म्हणण्याचं कारण आई. मागच्या दाराशी एक काटकोनी वळण आहे आणि त्या वळणावर डीप फ्रीझर. फ्रीझर हलवता येत नाही, कारण त्याच्या भोवतीची भिंत तो ठेवल्यावर बांधली गेली. नऊ वर्षांपूर्वी आईची शवपेटी तिथे अडकली. सहा माणसांनी तिच्याभोवती बरीच चर्चा केली आणि शेवटी पेटी उभी करून न्यावी लागली. वळताना आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. तो सगळ्यांनी ऐकला आणि पुन्हा कोणी त्याबद्दल बोललं नाही. त्यानंतर वडील फ्रीझरमधून मासा काढताना नेहमी दुसरीकडे बघत.

तेव्हा काम एवढंच होतं: अंत्ययात्रा शुक्रवारी अकराला, त्याच्या आत तीन फुटांच्या पायऱ्या. एक सुतार, अर्धा दिवस, थोडं लाकूड. मी शहरातल्या वाचनालयात काम करते. जगातली निम्मी पुस्तकं अशा अंदाजातूनच जन्माला येतात, हे मला कळायला हवं होतं.

शेजारच्या गर्टीमावशी मंगळवारी दुपारी मागच्या दाराने आल्या, बाह्या वर केल्या आणि आम्ही दोघींनी मिळून वडिलांना आंघोळ घातली. गावात हे काम येणाऱ्या त्या आता एकट्याच. आमच्याकडे माणूस गेला की त्याला तीन दिवस समोरच्या खोलीत ठेवतात आणि गाव येऊन बसतं. हल्ली बहुतेकजण ते काम पलीकडच्या किनाऱ्यावरच्या अंत्यविधीवाल्यांकडे सोपवतात. वडिलांना ते मान्य नव्हतं. त्यांना फक्त फेरीबोटीने शेवटचा प्रवास टाळायचा होता.

पायऱ्यांचं ऐकून गर्टीमावशी म्हणाल्या, "कशाला एवढा खटाटोप? खिडकी काढू, खिडकीतून देऊ. फिन फोलीला तसाच काढला होता."

"तो गेला होता तेव्हा?"

"छे, पिऊन पडला होता. पण आकारानं मोठा होता, म्हणून सांगते."

दुसरा सल्ला चुलतभाऊ लिओचा. लिओ दहा वर्षं अल्बर्टात तेलाच्या कामावर होता. आता गावात परत येऊन पाहुण्यांना बोटीतून देवमासे दाखवतो. (वारसा समितीच्या नियमाप्रमाणे त्यांना पर्यटक म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं. पाहुणे कोणाचे, हे नियमात नाही.) "बोटीवरची क्रेन आणतो," तो म्हणाला. "दारातून थेट ट्रकवर. काकांना झोकासुद्धा बसणार नाही." मी नको म्हटलं. तो दुखावला, पण तासाभराने चार टब बर्फ घेऊन आला. जुलै होता आणि शुक्रवार लांब होता. तो बर्फ हिमनगाचा, दहा हजार वर्षं जुना. एरवी तो पाहुण्यांच्या पेल्यांत जातो. आम्ही टब वडिलांच्या पलंगाखाली सरकवले. त्या आठवड्यात विश्रामगृहाच्या बारमध्ये पाटी होती: क्षमस्व, पुरातन बर्फ संपला आहे.

परवानगी लागेल हे मला सुतार डॉर्मनकाकांकडून कळलं.

"समोरची बाजू ना? मग कूम्ब्स सरांना विचार. मी मागं एका खिडकीला खिळा मारला, तर मला पत्र आलं."

कूम्ब्स सरांनी मला सात वर्षं शिकवलं. मुलं संपली तेव्हा शाळा बंद झाली, आणि पाहुणे आले तेव्हा त्याच वर्गात वारसा समितीचं कार्यालय उघडलं. सर अध्यक्ष झाले, टेबलसुद्धा तेच. मी समोरच्या छोट्या खुर्चीवर बसले आणि माझं वय आपोआप अकरा झालं.

"सर, तीनच पायऱ्या आहेत."

"दर्शनी भाग आहे, नोरीन."

"दार आहे."

"तेच म्हणतोय मी."

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे आमच्या दाराचा मोठा फोटो होता. लाल दार, खाली काही नाही, मागे समुद्र. तो समितीच्या प्रत्येक पत्रकावर असतो, पिशव्यांवर असतो, चहाच्या कपांवर असतो. पाहुणे त्यासाठी तीन विमानं आणि एक फेरीबोट बदलून येतात. बिनपायऱ्यांचं दार बघून त्यांना जीवनाबद्दल काहीतरी वाटतं. काय वाटतं ते मी अभिप्रायांच्या वहीत वाचलं आहे, पण ते इथे सांगायची गरज नाही.

मग सरांनी फाईल काढली. सहा वर्षांपूर्वी वडिलांनी एका करारावर सही केली होती. समितीने घराला नवं छप्पर घालून द्यायचं, दरवर्षी समोरून रंग द्यायचा. मालकाने दहा वर्षं दर्शनी भागात बदल करायचा नाही. सही वडिलांचीच होती, बोटीवर नाव घालताना करायचे तशी मोठी.

"त्या छपराखाली अँब्रोज सहा हिवाळे कोरडा झोपला," सर म्हणाले. ते कठोरपणे म्हणाले नाहीत. "हे लोक आले नसते तर फेरीबोट आठवड्याला एकदा आली असती. दवाखान्यात नर्स नसती. लिओ अजून अल्बर्टात असता. मी तुला फळ्यावर लिहून दाखवू का?"

लिहायची गरज नव्हती. सगळं खरं होतं, आणि तीच पंचाईत होती. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. वडिलांना शेवटची इंजेक्शनं त्याच नर्सने दिली होती, आणि ती या गावात होती ती दरवर्षी चारपाच पाहुणे खडकांवरून घसरतात म्हणून.

"सर, आईच्या वेळी तुम्ही पेटी धरली होती," मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांनी नियमावली उलटायला सुरुवात केली आणि बऱ्याच वेळाने एका पानावर बोट ठेवलं. सांस्कृतिक कार्यक्रमासाठी तात्पुरती रचना उभारता येते. सात दिवस. समितीची बैठक लागत नाही, अध्यक्षांची सही पुरते.

"पण हा कार्यक्रम नाही."

"परंपरा आहे ना? समूह जमतो ना? चहापान आहे?"

चहापान होतं. पुरून आल्यावर गावाला सभागृहात चहा द्यावाच लागतो. मी अर्ज भरला. कार्यक्रमाचं नाव: अंत्ययात्रा. अपेक्षित उपस्थिती: साठ. चहापान: आहे. स्थळी चाकाची खुर्ची नेता येईल का: नाही, म्हणूनच हा अर्ज. हे शेवटचं वाक्य मी रागाने लिहिलं आणि कार्यालयातल्या मुलीने ते विनातक्रार संगणकात उतरवून घेतलं. आम्हा सर्वांना प्रामाणिकपणे वाटत होतं की आपण नियमाला बगल दिली. परवानगी मिळालेला प्रत्येक कार्यक्रम त्या संगणकातून आपोआप धक्क्यावरच्या फलकावर आणि पाहुण्यांच्या फोनवर जातो, हे त्या क्षणी आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

बुधवारी शवपेटी यायची होती. दोन वाजेपर्यंत ती आली नाही, तेव्हा लिओने पलीकडच्या धक्क्यावर फोन लावला. शववाहिका रांगेत उभी होती. तिच्या पुढे एकतीस गाड्या होत्या, बहुतेक चाकांवरची घरं, मागे सायकली बांधलेल्या. लिओने रांग लावणाऱ्या माणसाला फोनवर बोलावून घेतलं.

"अरे, आमच्या काकांची पेटी आहे."

"रुग्णवाहिकेला पुढे सोडतो," तो माणूस म्हणाला. "दूध-भाजीच्या ट्रकला सोडतो. शववाहिकेबद्दल काही लिहिलेलं नाही. आणि खरं सांगू का, त्यांना घाई नसते."

पेटी संध्याकाळच्या फेरीने आली आणि रिकामी असल्यामुळे मागच्या दाराने आली. वळणावर तिला उभी करावी लागली. रिकाम्या पेटीला त्याचं काही वाटायचं कारण नाही, हे मला कळत होतं. तरीही मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले.

लाकडाचा प्रश्न त्याहून बिकट निघाला. बेटावर लाकूडच नव्हतं. सगळं विश्रामगृहांच्या अंगणांत गेलं होतं. डॉर्मनकाका स्वतः महिनाभर कोणाच्या तरी गरम पाण्याच्या हौदाभोवती फळ्या ठोकत होते. "या बेटावर एखादी फळी उरली असेल," ते म्हणाले, "तर ती माझ्या कपाळाला लागलीय." मग त्यांना वडिलांची धक्क्यावरची कोठी आठवली. मासेमारी बंद झाल्यापासून तिथे जाळी आणि दोऱ्या पडून होत्या.

अर्ध्या तासाने ते परत आले ते हातगाडी ढकलत. गाडीवर दोन जाड तिरक्या फळ्या होत्या, पायऱ्यांसाठी खाचा पाडलेल्या. आणि तीन आडव्या फळ्या, रंधा मारलेल्या, कडा गोल केलेल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा: एक, दोन, तीन. तिसरीच्या खाली साल होतं. एकोणीसशे एकोणऐंशी.

"जाळ्यांखाली होत्या," डॉर्मनकाका म्हणाले. "नुसत्या ठोकायच्या बाकी."

मी फळीवरून हात फिरवला. एकही कुसळ लागलं नाही. मग मी विचारलं की चहा घेणार का, आणि ते घेतो म्हणाले.

गुरुवारी सकाळी पायऱ्या दाराला लावल्या. वरचं टोक उंबऱ्याला अगदी बरोबर बसलं. खालचं टोक हवेत राहिलं, जमिनीपासून चांगलं एक वीत वर.

गर्टीमावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "अँब्रोज चुकला म्हणायचा."

"अँब्रोज मोजण्यात चुकत नव्हता," डॉर्मनकाका म्हणाले. ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी जमिनीवर पट्टी धरली. "जमीन गेलीय."

खरंच गेली होती. लहानपणी दाराखाली गवत होतं. दहा-बारा वर्षं लोक त्याच एका जागी उभे राहून फोटो काढत होते, कारण तिथून दार आणि समुद्र दोन्ही येतात. आधी गवत गेलं, मग माती सैल झाली, मग प्रत्येक पावसात थोडी थोडी समुद्राकडे गेली. दारासमोर आता एक पसरट खळगा होता, न्हाणीघरातल्या झिजलेल्या फरशीसारखा. एक वीत. जगभरच्या पावलांनी तो खणला होता, एकाही माणसाने मुद्दाम नाही.

लिओ बोटीवर चढायची सुटी पायरी घेऊन आला. पिवळी, प्लास्टिकची, वर चार भाषांत लिहिलेलं: पाऊल जपून ठेवा. ती खळग्यात ठेवली तेव्हा पायऱ्या टेकल्या. "उद्यापुरतं चालेल," तो म्हणाला. मी विद्यार्थीदशेपासून शोकांतिका वाचत आले आहे. त्यांच्यात अशी पिवळी पायरी मला कुठे आढळली नव्हती.

त्याच दुपारी पाहुणे घरात येऊ लागले. गाव येत-जात होतं म्हणून मागचं दार उघडंच होतं, आणि गावात तीन घरांची संग्रहालयं झालेली आहेत, तेव्हा त्यांचाही दोष म्हणता येत नाही. मी चहा घेऊन समोरच्या खोलीत आले तर एक मध्यमवयीन जोडपं वडिलांच्या उशाशी उभं होतं. दोघांच्या गळ्यात कागदी नकाशे. बाई अगदी हळू आवाजात नवऱ्याला म्हणाली, "हातांवरच्या शिरा बघ. किती बारीक काम केलंय."

"ते माझे वडील आहेत," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग पलंगाखालच्या बर्फाकडे. त्यांचा चेहरा असा झाला की मलाच त्यांना खुर्ची द्यावी लागली. त्या रडल्या. मी अजून रडले नव्हते, त्यामुळे खोलीत घरचं माणूस कोण याबद्दल थोडा गोंधळ झाला असावा. मागून आलेल्या डॉर्मनकाकांच्या बायकोने त्यांनाच मिठी मारली. जाताना त्या दोघांनी दाराजवळच्या सांत्वनाच्या वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मी ते वाचलं. "अविस्मरणीय. वाऱ्यासाठी जाड कपडे न्यावेत."

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी पुढचं दार उघडायला गेले आणि ते उघडलं नाही.

किल्ली होती. ती खिळ्यावरच असते. कुलूपही फिरलं. पण दार जागचं हललं नाही, कारण समितीने दरवर्षी त्याला रंग दिला होता, दाराला आणि चौकटीला एकत्र, सहा वर्षं, चांगल्या प्रतीचा. दार आता भिंतीचाच भाग झालं होतं. ते उघडून बघण्याचं आम्हापैकी कोणाच्या मनात आलं नाही. पुढचं दार उघडतं ही कल्पनाच आमच्या गावात नाही. तीन दिवस आम्ही दाराखालच्या हवेची काळजी केली, दाराची नाही.

डॉर्मनकाकांनी पटाशी घेतली, गर्टीमावशींनी वाफाळती किटली, मी लोण्याची सुरी. फट शोधत आम्ही तिघं काळ्या कपड्यांत दाराला चिकटून उभे होतो.

"नोरीन, खिडकीतून बघ," गर्टीमावशी म्हणाल्या. "गाव आलं का?"

मी बघितलं. गाव आलं होतं. गावाच्या मागे आणखी एक गाव होतं. शंभरेक माणसं, रंगीत पावसाळी कोट घातलेली, काहींनी घडीच्या खुर्च्या आणलेल्या. मुलं खांद्यांवर. मग मला धक्क्यावरचा फलक आठवला. लिओने फोन काढून दाखवला: पारंपरिक अंत्ययात्रा, शुक्रवार, अकरा वाजता, खाली किटलीचं चित्र. किटली म्हणजे चहापान सर्वांसाठी.

"आत्ता काय करायचं?" मी विचारलं.

"दार उघडायचं," डॉर्मनकाका म्हणाले आणि त्यांनी खांदा दिला.

सहा वर्षांचा रंग फाटताना कापड टरकावल्यासारखा आवाज झाला. दार बाहेर उघडलं, ऊन आत आलं आणि उंबऱ्यात मी दिसले, विस्कटलेले केस, हातात लोण्याची सुरी, तोंडावर लाल रंगाचे कपचे. बाहेरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप मनापासून वाजवल्या. आयुष्यात माझ्यासाठी एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवण्याचा तो एकमेव प्रसंग, आणि मी काय करावं हे न सुचून किंचित मान झुकवली. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पेटी धरायला सहा माणसं ठरली होती. त्यातली दोन लिओच्या बोटीवरची. पण गुरुवारभर धुकं होतं आणि शुक्रवारी ते विरलं. दोन दिवसांचे पाहुणे एकदम बोटीवर आले आणि ती दोघं गेली. उरले लिओ, डॉर्मनकाका, शववाहिकेचा चालक आणि सत्तरी ओलांडलेले कूम्ब्स सर. फादर ओबिना नायजेरियाहून आमच्याकडे आले त्याला चार वर्षं झाली. त्यांनी बाह्या सरसावल्या. "आमच्याकडे फादर पेटी उचलत नाहीत," ते म्हणाले, "पण आमच्याकडे माणसं पुरतात." पाच झाले.

खालून एका उंच माणसाने हात वर केला. वर्गात करतात तसा. तो हॉलंडचा होता, नाव योस्ट. गुरुवारी त्याने दाराचे दीडशे फोटो काढताना मी त्याला खिडकीतून बघितलं होतं, मनात फार चांगले विचार न आणता.

"मला येतं," तो म्हणाला. "मार्चमध्ये माझ्या वडिलांना नेलं."

त्याने डावीकडची खालची कडी धरली. त्याचा कॅमेरा गळ्यातच राहिला, काढायचं कोणाला सुचलं नाही. उंबरा ओलांडताना कॅमेरा पेटीवर आपटला. टक. वडिलांची तिसरी पायरी, टक. दुसरी, टक. अठ्ठेचाळीस वर्षांत त्या दाराशी ठोठावल्याचा आवाज कधी आला नव्हता. पेटी आडवी होती, अगदी सपाट, तिच्यावर पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. पहिली पायरी, टक.

मग पिवळी पायरी सरकली.

खळग्यातली माती सैल होती आणि पायरी बोटीसाठी बनवलेली होती. ती निसटली, पुढचे दोघं एकदम खाली गेले आणि पेटी तिरकी व्हायला लागली, पायांकडून खाली. मला ते फार सावकाश झाल्यासारखं दिसलं. कूम्ब्स सर वरच्या बाजूला होते. त्यांचा चेहरा माझ्या समोर होता आणि ते पेटीकडे कान लावल्यासारखे थांबले होते. ते कशाची वाट बघत होते ते मला ठाऊक होतं. आम्ही दोघंही त्या आवाजाची वाट बघत होतो.

तो आला नाही. योस्ट गुडघ्यावर बसला, नव्हे पडला, आणि पेटीचा तळ त्याच्या मांडीवर टेकला. त्याच्या तोंडातून त्याच्या भाषेतला एक शब्द बाहेर पडला. पेटी थांबली. लिओने दुसरीकडून खांदा लावला, सगळ्यांनी एक श्वास घेतला आणि ती पुन्हा सपाट झाली. वडील जमिनीवर आले ते आडवे. गर्दीत एकाने टाळी वाजवायला सुरुवात केली आणि शेजारच्याने त्याचा हात धरला.

चहापानाला दीडशे माणसं होती. गर्टीमावशींचा मनुकांचा पाव गावाच्या वाट्याला आलाच नाही. योस्ट सभागृहाच्या पायरीवर पाय लांब करून बसला होता, गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता आणि नर्स त्यावर बर्फ बांधत होती.

"हा बर्फ हिमनगाचा ना?" त्याने मला विचारलं. "दहा हजार वर्षांचा?"

"हो," मी म्हटलं. गेले तीन दिवस तो कुठे होता ते सांगितलं नाही. एवढ्या जुन्या वस्तूच्या इतिहासात तीन दिवस इकडेतिकडे.

पुढच्या आठवड्यात समितीच्या संगणकावर अभिप्राय आले, आणि कार्यालयातल्या मुलीने चांगल्या हेतूने मला छापून आणून दिले. कार्यक्रमाला पाचपैकी चार तारे होते. एकाने लिहिलं होतं की दार उघडायला उशीर झाला. एकीने विचारलं होतं, पुढची कधी आहे.

पायऱ्या आल्या तशी दारावर थाप येऊ लागली. लोक वर चढून, दाराशी उभं राहून फोटो काढत आणि मग, दार आहे म्हटल्यावर, ठोठावत. मी पहिले दोन दिवस उघडलं. नंतर स्वयंपाकघरात बसून ऐकत राहिले. आठव्या दिवशी थाप आली ती वेगळी होती, तीन सारखे ठोके, फळ्यावर डस्टर आपटल्यासारखे. मी उघडलं. कूम्ब्स सर होते, हातात फाईल.

"परवानगी काल संपली, नोरीन."

"मागच्या दारानं या, सर," मी म्हटलं. "परक्यासारखे काय ठोठावता? चहा ठेवते."

ते पायऱ्या उतरून घराला वळसा घालून आले. मी वाट बघत होते, पण ते आत पोचेनात. जाऊन पाहिलं तर ते वळणावर उभे होते, फ्रीझरपाशी. भिंतीवर कोपऱ्यात एक चरा आहे, खांद्याच्या उंचीवर. आईच्या पेटीचा. सर त्याच्यावर अंगठा ठेवून उभे होते.

"त्यानं अर्ज केला होता," ते म्हणाले. "दोनदा. छप्पर झाल्यावर एकदा, आणि या वर्षी पुन्हा. मी त्याला म्हटलं, अँब्रोज, करार संपू दे, चार वर्षं तर उरलीत. एवढी घाई काय आहे?"

"ते काय म्हणाले?"

"काही नाही. सरांना घाई नसेल तर मलाही नाही म्हणाला. आणि मला एक कॉड मासा दिला." सरांनी फाईल फ्रीझरवर ठेवली आणि उघडली. "काढून टाकल्या का, एवढंच यात लिहायचंय. हो किंवा नाही."

त्यांनी खिशातून पेन काढलं, दोन्ही चौकटी सोडल्या आणि शेऱ्यासाठी असलेल्या रेघेवर त्यांच्या नेहमीच्या अक्षरात लिहिलं: काम चालू आहे.

"किती दिवस चालेल, सर?"

"आपल्याकडे घर कधी पूर्ण होतं का?" ते म्हणाले आणि चहाला बसले. साखर त्यांनी दोनदा घातली, पण त्यांना ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी नियमानुसार पायऱ्यांच्या बाजूला पाटी लागली: काम चालू आहे. चार दिवसांत लोक पाटीचेही फोटो काढू लागले. मी पिवळी पायरी लिओला परत दिली आणि खळग्यात घमेल्याने माती आणून टाकायला लागले. रोज दोन घमेली. रोज पावलांनी त्यातली अर्धी जाते.

एका सकाळी मी माती टाकत असताना एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. पाटीकडे बघितलं, पायऱ्यांकडे बघितलं, आजूबाजूला कोणी सुतार दिसतो का तेही बघितलं.

"कोणाचं काम आहे हे?" त्यांनी विचारलं.

"वडिलांचं," मी म्हटलं. "त्यांना घाई नाही."